उरलेले गर्भ : साठवण चालू ठेवायची की थांबायचं?

पारिजातक

दर वर्षी लॅबकडून एक ईमेल येतो. साठवणीची मुदत संपत आली आहे, नूतनीकरणाचे पैसे भरा किंवा सोबतच्या फॉर्मवर तुमचा निर्णय कळवा. या वर्षीचा ईमेल येऊन पडला आहे आणि आमच्या घरात त्यावर रोज थोडंथोडं बोलणं चाललं आहे.

आमचे तीन गर्भ तिथे आहेत. पाचव्या दिवशी गोठवलेले, म्हणजे ब्लास्टोसिस्ट. चौथी आमची मुलगी, सीनियर केजीत आहे.

नवऱ्याला दुसरं मूल नको आहे. त्याची कारणं मला पटतातही: घराचा हप्ता, दोघांच्या नोकऱ्या, माझ्या पहिल्या बाळंतपणात वाढलेलं ब्लडप्रेशर. मला अजून 'नको' म्हणवत नाही, आणि 'हवं' असंही छातीठोकपणे सांगता येत नाही. आतापर्यंत पैसे भरून प्रश्न वर्षभर पुढे नेत आलो.

आयव्हीएफवर इथे भरपूर धागे आहेत. कुठलं इंजेक्शन, लायनिंग (गर्भाशयाचं अस्तर) किती, बीटा (गर्भधारणेची रक्ततपासणी) किती आला, सगळं आहे. मूल झाल्यावर उरलेल्यांचं काय, यावर मात्र काही सापडलं नाही. दवाखान्याबाहेरच्या बाकावर ज्या बायकांशी मैत्री झाली, त्यांच्यातल्या बऱ्याच जणी हाच ईमेल दर वर्षी उघडतात आणि पैसे भरून मोकळ्या होतात.

संमतीपत्र आम्ही दोघांनी बसून वाचलं होतं. दोघांपैकी एकाचा मृत्यू झाला तर, विभक्त झालात तर, साठवणीचा काळ संपला तर, असे रकाने होते. आम्ही ते भरले. पण ज्या घरात इतकी वर्षं मूल नाही, त्या घराला 'मूल झाल्यानंतर उरलेले गर्भ' ही कल्पनाच करता येत नाही. तेव्हा एकेक गर्भ हवा होता. उरतील असं कुणाच्या मनात येणार? त्या दिवशी दिलेलं उत्तर आजही आपलंच आहे का, हे नंतर कुणीच विचारत नाही. मला वाटतं, हे दर वर्षी विचारलं गेलं पाहिजे आणि नवराबायकोने एकमेकांना तर नक्कीच विचारलं पाहिजे.

ज्यांनी निर्णय घेतला आहे त्यांनी कसा घेतला ते लिहाल का? कायदा, लॅब, तब्येत, मन, कुठल्याही बाजूने लिहा. 'मग दत्तक का नाही घेतलं' हा प्रतिसाद कृपया नको.

---

शेवंती

धागा वाचनखूण करून ठेवला. आमचं पिकअप, म्हणजे अंडी काढणं, पुढच्या आठवड्यात आहे. डॉक्टर म्हणतात, या सायकलमध्ये ट्रान्सफर करायचा नाही, म्हणजे गर्भ गर्भाशयात ठेवायचे नाहीत, सगळे फ्रीझ करू आणि दोन पाळ्यांनंतर ठेवू. पीसीओएस (अंडाशयांचा, संप्रेरकांशी निगडित विकार) आहे, फॉलिकल (अंड्यांच्या पिशव्या) खूप आलेत. सासरी सगळे विचारतायत की ताजे ठेवायचे सोडून गोठवायचे कशाला. कुणी समजावून सांगेल का?

---

रेवदंडा

मी एम्ब्रियॉलॉजिस्ट आहे, म्हणजे लॅबमध्ये गर्भ हाताळणारी तज्ज्ञ, बरीच वर्षं याच कामात. माझ्या दवाखान्याचं नाव लिहिणार नाही आणि कुणाच्या केसवर सल्लाही देणार नाही. काम कसं चालतं ते सांगते.

शेवंती, तुमच्या बाबतीत डॉक्टरांचं म्हणणं समजण्यासारखं आहे. पीसीओएसमध्ये इंजेक्शनांना अंडाशय जोरात प्रतिसाद देतात. त्यातून ओएचएसएस होऊ शकतो: पोटात पाणी साठतं, रक्त घट्ट होतं, बाई दवाखान्यात भरती होते. त्याच सायकलमध्ये गर्भ राहिला तर गर्भारपणाचं संप्रेरक हा त्रास आणखी वाढवतं आणि लांबवतं. म्हणून आधी अंडाशय शांत होऊ द्यायचे, मग ट्रान्सफर. २०१६ मध्ये चीनमधला एक मोठा अभ्यास न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला होता, फक्त पीसीओएस असलेल्या स्त्रियांवर. गोठवून नंतर ठेवलेल्या गटात ४९.३ टक्के स्त्रियांना जिवंत मूल झालं, ताजे ठेवलेल्या गटात ४२ टक्के. ओएचएसएसही बराच कमी. मात्र प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे गरोदरपणातला रक्तदाबाचा आजार, गोठवलेल्या गटात जास्त दिसला. हे तुमच्या डॉक्टरांना विचाराच. नैसर्गिक पाळीत ट्रान्सफर करता येईल की गोळ्यांनी लायनिंग बनवावी लागेल, याचाही त्याच्याशी संबंध असतो.

आणि ही दुसरी बाजूही लक्षात ठेवा. पीसीओएस नसलेल्या स्त्रियांवर व्हिएतनाममध्ये असाच अभ्यास झाला, तो २०१८ मध्ये त्याच नियतकालिकात आला. त्यात ताजे आणि गोठवलेले यांच्या यशात फरक निघाला नाही. त्यामुळे 'सगळ्यांनी सगळेच गोठवा' असं सरसकट कुणी सांगत असेल तर कारण विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

आता गोठवतो कसं. गर्भात पाणी असतं, आणि पाण्याचे स्फटिक झाले की ते पेशी फाडतात. पूर्वी तापमान अगदी हळू उतरवायचे, मिनिटाला अर्ध्या अंशाहूनही कमी. आता व्हिट्रिफिकेशन करतात. ब्लास्टोसिस्टच्या पोकळीतलं पाणी आधी लेझरने छोटं छिद्र पाडून काढून टाकतो. मग एथिलीन ग्लायकॉल, डीएमएसओ आणि साखर असलेल्या द्रावणांतून गर्भ नेतो. पहिल्या द्रावणात दहा-पंधरा मिनिटं, दुसऱ्या, घट्ट द्रावणात जेमतेम दीड मिनिट. तिथे रेंगाळून चालत नाही, कारण तेच द्रावण जास्त वेळ लागलं तर विषारी ठरतं. केसाएवढ्या पातळ पट्टीवर गर्भ ठेवायचा, भोवतीचं द्रावण जवळजवळ सगळं ओढून घ्यायचं आणि पट्टी थेट द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवायची. तापमान उणे १९६ अंश. स्फटिक व्हायला वेळच मिळत नाही, सगळं काचेसारखं घट्ट होतं. आजच्या वापरातल्या पद्धतीमागे जपानच्या मासाशिगे कुवायामा यांचं मोठं काम आहे.

बाहेर काढताना याच्या उलट. ३७ अंशांच्या द्रावणात पट्टी झटकन बुडवतो. चांगल्या लॅबमध्ये दहापैकी नऊ किंवा त्याहून जास्त ब्लास्टोसिस्ट यातून सुखरूप बाहेर येतात. दोनेक तासांत पोकळी पुन्हा फुगायला लागते. इतकी वर्षं झाली तरी मी ते मायक्रोस्कोपखाली बघत थांबते.

पारिजातक, तुमच्या प्रश्नाशी जोडलेली एक गोष्ट. त्या तापमानाला पेशीत काहीही घडत नाही. पाच वर्षांनी गर्भ पाच वर्षांनी म्हातारा होत नाही. ज्या वयात अंडी काढली तेच त्याचं वय. वय वाढतं ते तुमचं, तुमच्या गर्भाशयापेक्षाही तुमच्या रक्तदाबाचं आणि साखरेचं. पहिल्या वेळी प्रेशर वाढलं होतं ना, मग लॅबशी बोलण्याआधी फिजिशियनना दाखवा.

---

कृष्णाकाठ

आमच्याकडं गावात हे नायट्रोजनचं कंटेनर सगळ्यांना माहीत आहे. मी जनावरांचा डॉक्टर, निम्मं आयुष्य कृत्रिम रेतनात गेलं. उरुळीकांचनच्या बायफमधून सीमेनच्या कांड्या यायच्या, मोटारसायकलला कंटेनर बांधून वाड्यावस्त्यांवर फिरलोय. गोठवलेल्या रेतावर आमच्या भागात संकरित गायींच्या दोन-तीन पिढ्या झाल्या.

म्हणून एकच विचारतो. कंटेनरमधला नायट्रोजन रोज थोडा उडून जातो. पट्टी बुडवून बर्फाची रेघ बघायची, पातळी उतरली की भरायचं, हे एक काम चुकलं तर आतला सगळा माल गेला. आमच्यात कांडी गेली तर दुसरी आणता येते. इथं माणसांच्या आयुष्याची कमाई आत आहे. तुमच्या लॅबमध्ये पातळी कोण बघतं, आणि सुट्टीच्या दिवशी कोण बघतं? शिवाय बरेच लोक विचारतात की लाईट गेल्यावर काय.

---

रेवदंडा

डॉक्टरसाहेब, हा प्रश्न खरं तर प्रत्येक जोडप्याने विचारायला हवा.

वीज गेल्यावर गर्भांना काही होत नाही. ही टाकी म्हणजे विजेवर चालणारा फ्रीज नव्हे. दोन भिंतींमध्ये निर्वात पोकळी असलेलं भांडं असतं, थंडावा नायट्रोजनचा. वीज लागते ती अलार्मला, त्याला बॅटरी असते. धोका वेगळाच आहे: टाकीची निर्वात पोकळी निकामी होणं, भरणं चुकणं, अलार्म वाजूनही कुणी न पोहोचणं. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलंडच्या एका रुग्णालयात टाकीचं तापमान वाढलं आणि ४,००० हून जास्त अंडी व गर्भ वाया गेले. जवळपास त्याच दिवसांत सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका केंद्रातही टाकी बिघडली. तिथली तंत्रं, पैसा, सगळं असूनही.

तेव्हा लॅबला विचारा: पातळी रोज मोजून नोंदवहीत लिहिता का? रात्री अलार्म कुणाच्या फोनवर जातो? भरलेली राखीव टाकी जागेवर असते का? एकाच जोडप्याचे गर्भ दोन टाक्यांत विभागून ठेवता येतील का? चांगली लॅब या प्रश्नांनी रागावत नाही. नोंदवही उघडून दाखवते.

---

तुळशीकट्टा

मी सत्तरी ओलांडली आहे. धाकट्या सुनेचे उपचार झाले तेव्हा मी तिच्यासोबत जायची. नातू झाला. नंतर एकदा सून मला एकटीला म्हणाली, 'आई, आणखी दोन आहेत तिथे. मला रात्री झोप लागत नाही.'

मी पोथ्या वाचणारी बाई आहे. जीव कधी येतो यावर माझं जे मत होतं ते तिला सांगून टाकणं मला सोपं होतं. नाही सांगितलं. ज्या पोरीने पोटात इतक्या सुया टोचून घेतल्या, तिच्यावर माझ्या मताचं ओझं कशाला? तिला एवढंच म्हटलं, की तुम्ही दोघं जे ठरवाल त्याला घरात कुणी नाव ठेवणार नाही, हे मी बघते. त्यांनी पुढे साठवण थांबवली. त्या दिवशी आम्ही घरात दिवा लावला. तिला ते हवं होतं, म्हणून. शेजारी कुणाला सांगायची गरज नव्हती.

पारिजातक बाळ, तुझ्या घरात असं पाठीशी उभं राहणारं कुणी आहे का? नसेल तर इथे लिहीत जा.

---

सातपुडा

गर्भ गोठवण्याची गोष्ट परदेशातून आली असं सगळे धरून चालतात, म्हणून लिहितो. गोठवलेल्या गर्भातून जन्मलेलं जगातलं पहिलं मूल म्हणून ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या झोई लेलँडचं नाव घेतात. मार्च १९८४.

पण ३ ऑक्टोबर १९७८ ला कोलकात्यात दुर्गा जन्मली होती. जगातली पहिली टेस्टट्यूब बेबी लुईझ ब्राऊन हिच्यानंतर अवघ्या ७० दिवसांनी. डॉ. सुभाष मुखोपाध्याय, त्यांच्यासोबत क्रायोबायॉलॉजीचे (अतिथंड तापमानातल्या जीवशास्त्राचे) सुनीत मुखर्जी आणि स्त्रीरोगतज्ज्ञ सरोजकांती भट्टाचार्य. त्यांनी इंजेक्शनांनी जास्त अंडी तयार करवली, आठ पेशींचा गर्भ डीएमएसओ वापरून गोठवला, ५३ दिवस ठेवला आणि नंतरच्या नैसर्गिक पाळीत गर्भाशयात सोडला. ज्या पाळीत अंडाशय औषधांनी ढवळून निघाले आहेत ती पाळी गर्भ रुजायला बरी नव्हे, हा त्यांचा विचार. रेवदंडाताईंनी शेवंतीला जे समजावलं आहे त्याच्याशी हे ताडून बघा. साधा फ्रीज आणि मर्यादित साधनं हाताशी असलेला हा माणूस १९७८ मध्ये तिथे पोहोचला होता.

त्याचं काय झालं? पश्चिम बंगाल सरकारने चौकशी समिती नेमली. समितीने त्यांचा दावा खोटा ठरवला. परदेशातल्या परिषदेला जायची परवानगी नाकारली. १९८१ मध्ये बदली झाली ती नेत्रविज्ञानाच्या संस्थेत, संप्रेरकांवर काम करणाऱ्या माणसाची! १९ जून १९८१ ला त्यांनी आत्महत्या केली.

यात मुंबईचा मोठा भाग आहे आणि तो आपण अभिमानाने सांगावा असा आहे. ६ ऑगस्ट १९८६ ला केईएममध्ये हर्षा जन्मली, डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या प्रयत्नांतून. देशातलं पहिलं टेस्टट्यूब बेबी म्हणून तिचीच नोंद झाली. पुढे आनंदकुमारांच्या हाती मुखोपाध्यायांची टिपणं आली. त्यांनी ती बारकाईने वाचली आणि १९९७ मध्ये जाहीर सांगितलं की पहिला मान माझा नाही, त्यांचा आहे. स्वतःच्या नावावरचा पहिला क्रमांक पुरावा बघून दुसऱ्याला देणारे शास्त्रज्ञ किती असतील? मला हे वाचून आनंदकुमारांबद्दल जो आदर वाटला तो शब्दांत मांडता येत नाही.

थोडं विषयांतर झालं. पण ज्या टाकीत पारिजातक यांचे तीन गर्भ आहेत, तिच्यामागे एवढं सगळं आहे.

---

मुळामुठा

वकिली करते, कुटुंब कायदा. धाग्याच्या मुख्य प्रश्नावर कायदा काय म्हणतो ते लिहिते.

सहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान (नियमन) कायदा २०२१ हा २५ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्यानुसार गर्भ जास्तीत जास्त १० वर्षं साठवता येतात. १० वर्षं संपल्यावर दोन मार्ग लिहिले आहेत: गर्भ नष्ट होऊ देणं, किंवा जोडप्याच्या संमतीने नोंदणीकृत संशोधन संस्थेला संशोधनासाठी देणं. विकणं पूर्णपणे बेकायदेशीर. मुलगा-मुलगी बघून गर्भ निवडणं हाही गुन्हा, आणि त्याला लिंगनिदानाविरुद्धचा १९९४ चा कायदा वेगळा लागू आहेच.

उपचारांसाठी वयाची मर्यादा आहे. स्त्री २१ ते ५०, पुरुष २१ ते ५५. तेव्हा 'दहा वर्षं आहेत ना हातात' म्हणताना नवऱ्याच्या वयाकडेही बघा. तिथे बरेच जण दचकतात.

दोघांपैकी कुणाचा मृत्यू झाला किंवा कुणी निर्णय घेण्याच्या स्थितीत राहिलं नाही तर काय करायचं, याच्या लेखी सूचना घेतल्याशिवाय दवाखान्याला गर्भ गोठवताच येत नाहीत. पारिजातक यांनी उल्लेखलेल्या रकान्यांमागे हे कलम आहे. आणि त्याच कलमात एक फार महत्त्वाची गोष्ट आहे: गर्भ गर्भाशयात सोडेपर्यंत दोघांपैकी कुणीही आपली संमती मागे घेऊ शकतं. म्हणजे त्या दिवशी भरलेला कागद शेवटचा नाही. मन बदललं तर लेखी कळवा, पोचपावती घ्या.

सरोगसीबद्दल नवीन घडामोड. सरोगसी कायद्यात पत्नीचं वय ५० आणि पतीचं ५५ च्या वर चालत नाही. काही जोडप्यांनी कायदा येण्याआधीच गर्भ गोठवले होते आणि मधल्या काळात वय उलटून गेलं. ९ ऑक्टोबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने, न्या. नागरत्ना आणि न्या. विश्वनाथन यांच्या खंडपीठाने, निकाल दिला की अशा जोडप्यांना ही वयोमर्यादा मागे जाऊन लावता येणार नाही. गर्भ तयार करून गोठवले तेव्हाच त्यांची प्रक्रिया सुरू झाली होती, असं न्यायालयाने मानलं. माझ्या मते हा अतिशय मानवी निकाल आहे. फक्त कायदा लागू होण्याआधी गोठवलेल्यांसाठीच तो आहे, हे विसरू नका.

---

निळी_वाट

मी इथे फारसं लिहीत नाही. माझं दुसऱ्या टोकाचं आहे.

लग्नाला वर्ष झालं होतं आणि स्तनाच्या कर्करोगाचं निदान झालं. केमोने अंडाशयांवर परिणाम होऊ शकतो, हे माझ्या ऑन्कोसर्जननी पहिल्याच भेटीत सांगितलं आणि गर्भ गोठवायला पाठवलं. त्याबद्दल मी त्यांची आयुष्यभर ऋणी आहे, कारण कितीतरी मुलींना हे कुणी सांगतच नाही आणि केमो सुरू होऊन जातो. पाळीची वाट न बघता, असेल त्या दिवसापासून इंजेक्शनं सुरू करता येतात. साधारण दोन आठवड्यांत काम होतं. शरीरातलं एस्ट्रोजेन फार वाढू नये म्हणून सोबत लेट्रोझोल देतात. ज्यांच्या घरी असं निदान झालं आहे त्यांनी पहिल्या आठवड्यातच विचारा. नंतर विचारून उपयोग नसतो.

मुळामुठा यांनी संमतीबद्दल लिहिलं आहे तो मुद्दा माझ्या समुपदेशक बाईंनी तेव्हाच समोर ठेवला होता. त्या म्हणाल्या, गर्भ दोघांचे असतात, अंडी तुझी एकटीची. नवरा शेजारीच बसला होता आणि तो लगेच म्हणाला, 'निम्मी अंडी तशीच गोठवा.' मला त्या क्षणी वाईट वाटलं, की हा आपल्या तुटण्याची तयारी करतोय का. तो म्हणाला, 'मला काही झालं तर तुला कुणाची सही लागू नये.' आम्ही निम्मे गर्भ, निम्मी अंडी ठेवली.

आता गोळ्या चालू आहेत. काही काळ त्या थांबवून गर्भारपणाचा विचार करता येईल का, हे ऑन्कोलॉजिस्ट ठरवतील. कदाचित नाही म्हणतील. पारिजातक, तुझ्यासाठी ते 'उरलेले' आहेत, माझ्यासाठी 'आहेत ते तेवढेच'. तरी तुझा प्रश्न मला परका वाटत नाही. तो ईमेल मलाही येतो.

---

माळरान

धाग्याचा सूर आशादायक आहे. पण एक बाजू राहू नये म्हणून लिहितो.

आमचे चार होते. 'टॉप ग्रेड, फोर एए' असं कौतुकाने सांगितलं होतं. एक वितळवताना टिकला नाही. बाकीचे ठेवले, राहिले नाहीत. एकदा बीटा पॉझिटिव्ह येऊन आठ आठवड्यांत संपलं. आता टाकीत काही नाही.

ग्रेड म्हणजे गर्भ दिसायला कसा आहे, एवढंच. आत गुणसूत्रं नीट आहेत की नाहीत ते बाहेरून दिसत नाही, आणि अंडी काढताना बायकोचं वय ३९ होतं. हे आम्हाला कागदावर छापून दिलं होतं, पण बोलताना मात्र 'फ्रीझ केलेत ना, आता घाई नाही' असंच सगळीकडे ऐकू यायचं, दवाखान्यातही. या एका वाक्याने लोकांची वर्षं जातात. पंचविशीतल्या मुलींना कंपनीच्या सभागृहात बोलावून 'आत्ता गोठवा, करिअर करा, नंतर बघा' म्हणणाऱ्या जाहिराती बघतो तेव्हा पोटात तुटतं. गोठवणं हा उपचार आहे, हमी नाही.

शेवंती, तुम्हाला घाबरवायचं नाही. सगळं छान होवो. फक्त सगळी आशा टाकीत ठेवू नका.

---

पारिजातक

माळरान, तुमचा प्रतिसाद वाचून नवऱ्याला बोलावून दाखवला. तीन गर्भ म्हणजे तीन मुलं नाहीत, हे मला माहीत होतं आणि तरी मनात मी तीन चेहरे धरून बसले होते. तुमचं आणि तुमच्या पत्नीचं दुःख तुम्ही इथे ठेवलंत त्याबद्दल मनापासून आभार.

---

टेम्सकाठ

लंडनजवळ राहतो. इथलं थोडं सांगतो. ब्रिटनमध्ये पूर्वी साधारण १० वर्षांचीच मर्यादा होती. १ जुलै २०२२ पासून ती ५५ वर्षांपर्यंत नेली आहे, पण दर १० वर्षांनी संमती नव्याने द्यावी लागते. पारिजातक म्हणतात ते 'पुन्हा विचारणं' इथे कायद्यातच आहे.

संमती मागे घेण्यावरून इथे नॅटली एव्हान्स यांचा खटला गाजला होता. अंडाशयाच्या आजारामुळे अंडाशय काढावे लागणार होते, त्याआधी जोडीदारासोबत सहा गर्भ गोठवले. नातं तुटलं, त्याने संमती मागे घेतली. नॅटली युरोपीय मानवाधिकार न्यायालयापर्यंत गेल्या आणि २००७ मध्ये हरल्या. निळी_वाट यांच्या नवऱ्याने जे सुचवलं ते किती दूरदृष्टीचं होतं हे यावरून कळतं.

आमचे स्वतःचे गर्भ पुण्यात आहेत, आम्ही नोकरीसाठी इकडे आलो. भारतातून गर्भ बाहेर न्यायचे तर फक्त स्वतःच्या वापरासाठी आणि मुळामुठा यांनी सांगितलेल्या कायद्याखालच्या राष्ट्रीय मंडळाच्या परवानगीने. प्रवास ड्राय शिपरमधून होतो: भांड्याच्या अस्तरात नायट्रोजन शोषलेला असतो, सांडत नाही, आठवडाभर तरी थंडावा टिकतो. कागदपत्रं मात्र प्रवासापेक्षा फार लांब चालतात. जे परदेशी जाण्याच्या बेतात आहेत त्यांनी व्हिसा लागला की त्याच आठवड्यात ही चौकशी सुरू करा. आम्ही शेवटी सुट्टी काढून तिकडेच येऊन ट्रान्सफर करायचं ठरवतोय.

---

कृष्णाकाठ

माळरान, तुमच्या मंडळींना आमचा नमस्कार सांगा. आणखी काय बोलावं सुचत नाही.

---

पारिजातक

या पंधरवड्यात जे झालं ते लिहिते. लॅबमध्ये जाऊन रेवदंडा आणि कृष्णाकाठ यांनी सुचवलेलं सगळं विचारलं. नोंदवही दाखवली. रविवारच्या नोंदीही होत्या. फिजिशियननी तपासण्या करून सांगितलं की दुसरं गर्भारपण अशक्य नाही, पण सुरुवातीपासून देखरेख लागेल आणि शक्य तर नैसर्गिक पाळीत, एकच गर्भ ठेवून.

नवऱ्याशी पहिल्यांदाच पैशांपलीकडचं बोलणं झालं. त्याला दुसरं मूल नको यामागे पहिल्या वेळची माझी आयसीयूतली रात्र होती. त्याने ते मला कधीच सांगितलं नव्हतं. हप्त्याचं कारण पुढे करत होता.

एका वर्षाचे पैसे भरले आहेत. या वर्षात ठरवायचं, असं दोघांनी मान्य केलं: एकदा ट्रान्सफर, किंवा साठवण थांबवणं. संशोधनासाठी देण्याची आम्हा दोघांची तयारी आहे, तशी नोंदणीकृत संस्था कुठली ते लॅब कळवणार आहे. मृत्यूच्या रकान्यातलं आमचं जुनं उत्तर आम्ही बदललं. तेव्हा आम्ही दोघांनीही 'जोडीदाराला वापरता यावेत' असं लिहिलं होतं. आता मुलगी आहे, आणि मागे राहणाऱ्याने तिच्यासोबत आधी सावरावं असं दोघांनाही वाटलं. मुळामुठा, पोचपावती घेतली.

तुळशीकट्टा आजी, माझ्या सासूबाईंना मी तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. त्यांनी तुमची चौकशी केली आहे.

---

शेवंती

पिकअप झालं, सगळे फ्रीझ होणार. पोट थोडं फुगलं आहे पण ठीक आहे. संमतीपत्र उद्या द्यायचं आहे. आम्ही रकाने आज घरी बसून भरतोय, मुलं झाल्यानंतरचाही विचार करून. रेवदंडाताई, शेवटचा प्रश्न. फॉर्मवर 'प्रति उपकरण गर्भांची संख्या' असा रकाना आहे. तिथे काय लिहायचं?

---

रेवदंडा

तो रकाना एका पट्टीवर किती गर्भ ठेवायचे यासाठी आहे. एका पट्टीवर दोन असतील तर वितळवताना दोन्ही एकदमच बाहेर येतात. मग एकच हवा असला तरी दुसऱ्याचं काय करायचं ते त्याच सकाळी ठरवावं लागतं: दोन्ही ठेवून जुळ्यांचा धोका घ्यायचा, की दुसरा परत गोठवायचा. परत गोठवता येतं, पण गर्भाला तो आणखी एक ताण असतो. डे फाइव्हचे असतील तर 'एक' लिहा. पट्ट्या जास्त लागतील, काही ठिकाणी साठवणीचे पैसेही थोडे वाढतात, ते आधी विचारून घ्या. आणि पोट आणखी फुगलं, लघवी कमी झाली किंवा धाप लागली तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच फोन करा.